एका दांडीवर चारही दिशा : दुकान-कारखान्याचे गोल छायाचित्र कसे काढावे?

धंद्यात माल चांगला असणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणेही महत्त्वाचे असते. पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येत असे, चारी बाजूंना नजर फिरवत असे आणि मगच भाव विचारत असे. आज तेच गिऱ्हाईक आधी मोबाइलवर दुकान पाहते आणि पायरी चढायची की नाही हे घरी बसूनच ठरवते. साध्या फोटोत त्याला दुकानाची एकच भिंत दिसते. गोल छायाचित्रात मात्र बोटाने चित्र सरकवले की उजवी-डावी बाजू, वरचे छत, खालची फरशी असे सगळेच दिसते. पाहणारा जणू दुकानाच्या मध्यभागी उभा असतो.

हे काम शिकण्याजोगे आहे. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांचे पासपोर्ट फोटोचे आणि छोट्या समारंभांचे काम मोबाइलने बरेच कमी केले आहे. ज्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि हाताला वळण आहे, त्याला या कामात वाव आहे. दुकानदार आणि कारखानदार बांधवांनीही हा लेख वाचावा, कारण असे काम करून घेताना चांगले कोणते आणि वाईट कोणते हे त्यांना ओळखता आले पाहिजे.

थोडी पूर्वपीठिका

पाण्यातल्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल, या प्रश्नातून अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'फिशआय' म्हणजे मत्स्यनेत्र हा शब्द तेथून रूढ झाला. पुढे इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाशातील ढगांचा एकाच वेळी फोटो घेता यावा यासाठी भिंग तयार केले आणि १९२४ च्या सुमारास लंडनच्या बेक कंपनीने त्याचा कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे ही लेन्स मुळात हवामानाच्या अभ्यासासाठी जन्मली.

संगणकावर फिरवून पाहता येणारी छायाचित्रे १९९५ साली ॲपल कंपनीच्या क्विकटाइम व्हीआरमुळे लोकांसमोर आली. १९९८ साली जर्मनीतील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी 'पॅनोरामा टूल्स' हे फोटो जोडण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि हे काम सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आले. भारतात गूगलची 'स्ट्रीट व्ह्यू' सेवा जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातील शहरे होती. तेव्हापासून रस्ता आणि दुकान असे फिरवून पाहण्याची सवय आपल्याकडेही लागली आहे.

गोल छायाचित्र म्हणजे काय?

आपण एका मोठ्या काचेच्या गोळ्याच्या मध्यभागी उभे आहोत आणि भोवतालचे सारे त्या गोळ्याच्या आतल्या बाजूवर रंगवले आहे, अशी कल्पना करावी. आडवे पाहिले तर पूर्ण फेरी ३६० अंशांची होते आणि पायापासून डोक्यापर्यंत उभे पाहिले तर १८० अंश होतात. हा गोळा कापून सपाट पसरला की रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट येते. म्हणून तयार चित्र ८,००० बिंदू रुंद असेल तर उंची ४,००० बिंदू असते. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो, तसाच हा प्रकार. नकाशात ध्रुवाजवळचे प्रदेश ताणलेले दिसतात, तसे या चित्रात छत आणि फरशी ताणलेली दिसतात. मोबाइलवर फिरवून पाहताना ती पुन्हा सरळ होतात.

लेन्स आणि फोटोंची संख्या

साध्या लेन्सने पूर्ण गोळा भरायचा तर वीस-तीस फोटो लागतात. फिशआय एका वेळी जवळजवळ अर्धे जग पाहते, त्यामुळे मोजक्या फोटोंत काम होते. कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर लावली यावर फोटोंची संख्या ठरते.

१. मोठ्या म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८ मिमीची वर्तुळाकार फिशआय लावली तर काळ्या चौकटीत गोल चित्र येते. सभोवार तीन फोटोंतही काम भागते, पण चार घेतलेले बरे.

२. लहान सेन्सरच्या म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर ८ मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला तर ९० अंशांच्या अंतराने चार फोटो पुरतात. जुन्या बाजारात हा जोड परवडतो आणि नवशिक्यासाठी तोच उत्तम.

३. फुल फ्रेमवर १५ किंवा १६ मिमीची फिशआय असेल तर ६० अंशांच्या अंतराने सहा फोटो, शिवाय छताचा एक आणि फरशीचा एक लागतो. मेहनत वाढते, पण चित्र अधिक बारकाईचे येते.

लेन्स विकत घेण्यापूर्वी एक तपासणी करावी. '१८० अंश' असे लिहिलेल्या सर्वच लेन्स उभ्या दिशेने १८० अंश पाहत नाहीत. काहींचे १८० अंश फक्त एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत असतात. अशा लेन्सने छताचा फोटो वेगळा घ्यावा लागतो.

सारे काम एका बिंदूवर

आता या कामाचे मर्म पाहू. एक डोळा मिटून नाकासमोर बोट धरा आणि समोरच्या भिंतीवरील खिळ्याशी जुळवा. आता तो डोळा मिटून दुसरा उघडा. बोट खिळ्यापासून बाजूला सरकलेले दिसेल. बोट हलले नाही, खिळाही हलला नाही, हलली ती पाहण्याची जागा. कॅमेऱ्याचेही असेच आहे. लेन्सच्या आत एक बिंदू असतो, ज्यातून ती जग पाहते. कॅमेरा फिरवताना हा बिंदू जागचा हलला नाही तर सर्व फोटो एकमेकांत चपखल बसतात. हलला तर जवळच्या वस्तू तुटतात. छायाचित्रकार त्याला नोडल पॉइंट म्हणतात. आपण त्याला स्थिरबिंदू म्हणू.

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. सुरुवातीच्या काळात एका बांगड्यांच्या दुकानाचे काम मिळाले. दुकान जेमतेम आठ फूट रुंद, दोन्ही बाजूंना दांड्यांवर बांगड्यांच्या रांगा. मी हातात दांडी धरून पाच मिनिटांत चार फोटो घेतले आणि घरी येऊन जोडले. छत छान, दरवाजा छान, पण जेथे दोन फोटो मिळत होते तेथे प्रत्येक दांडी तुटलेली आणि बांगड्या अर्ध्या. दुकानमालक रागावले नाहीत. चित्र पाहून एवढेच म्हणाले, "भाई, हे बघून गिऱ्हाईक म्हणेल, यांचा माल आधीच फुटलेला आहे." दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड नेऊन सगळे काम पुन्हा केले आणि जादा पैसे घेतले नाहीत.

चूक किती दिसते याचा हिशेब सोपा आहे. ८,००० बिंदू रुंदीच्या चित्रात एका अंशाला सुमारे २२ बिंदू येतात. फोटो घेताना स्थिरबिंदू फक्त १ सेंटिमीटर हलला असे धरू.

वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर ती २५ बिंदूंनी तुटते.
१ मीटरवर असेल तर सुमारे १३ बिंदूंनी तुटते.
३ मीटरवर असेल तर सुमारे ४ बिंदूंनी.
१० मीटरवर असेल तर जेमतेम १ बिंदूने.

जोडणीचे सॉफ्टवेअर चार-पाच बिंदूंची चूक बहुधा झाकून टाकते. तेरा बिंदूंची झाकू शकत नाही. म्हणजे हात किती स्थिर आहे हा अर्धाच प्रश्न झाला. जवळची वस्तू किती अंतरावर आहे, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

मोनोपॉड केव्हा, ट्रायपॉड केव्हा?

मोनोपॉड म्हणजे एकपायी दांडी. तिचे फायदे बरेच आहेत. ती टेकवायला वीतभर जागा पुरते. गर्दीत कोणाच्या पायात येत नाही. चार फोटो दहा-पंधरा सेकंदांत होतात, त्यामुळे माणसे हलण्याआधी काम उरकते. फरशीवर तीन पाय पसरलेले नसल्याने खालचा भाग नंतर स्वच्छ करणे सोपे जाते.

तोटा एकच, पण मोठा. दांडी कलते. लेन्स जमिनीपासून १.६ मीटर उंच असेल आणि दांडी फक्त एका अंशाने कलली, तर स्थिरबिंदू जवळजवळ ३ सेंटिमीटर हलतो. एक अंश म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका कल.

वरील दोन हिशेब एकत्र केले की अनुभवाने ठरलेला नियम असा निघतो. ज्या ठिकाणी दोन फोटो मिळणार आहेत तेथील सर्वांत जवळची वस्तू ३ मीटरच्या पलीकडे असेल, उदाहरणार्थ लग्नाचे सभागृह, अंगण, मैदान, गोदाम, मोठे शोरूम, तर मोनोपॉड निर्धास्त वापरावा. दीड मीटरच्या आत असेल, उदाहरणार्थ अरुंद दुकान, स्वयंपाकघर, छोटा माग, तर ट्रायपॉडच घ्यावा. मधल्या अंतरात हाताचा सराव असेल तरच दांडीवर भरवसा ठेवावा. आपल्याकडील बहुसंख्य दुकाने अरुंद असतात, म्हणून ट्रायपॉड गाडीत असलाच पाहिजे.

दांडीची तयारी

गवंड्याची दोन जुनी साधने येथे कामी येतात, पाणसळ आणि ओळंबा.

कॅमेरा नुसता दांडीवर बसवला तर दांडी कॅमेऱ्याच्या पोटाखाली येते आणि स्थिरबिंदू तिच्या पुढे राहतो. म्हणून कॅमेरा मागे सरकवणारी पट्टी किंवा थेट लेन्सला धरणारे कडे लागते. ते बाजारात तयार मिळते. चांगला लोहार किंवा लेथवाला ॲल्युमिनियमच्या पट्टीतून तसेच करून देऊ शकतो. कॅमेरा उभा बसला पाहिजे आणि दांडीचा मध्य बरोबर स्थिरबिंदूखाली आला पाहिजे. पट्टीवर एक छोटी गोल पाणसळ चिकटवावी.

स्थिरबिंदू शोधण्याची रीत अशी. पट्टी ट्रायपॉडवर बसवून खिडकीसमोर उभे राहावे. खिडकीचा एक गज अर्ध्या मीटरवर यावा आणि बाहेर दूर विजेचा खांब किंवा इमारतीची कड दिसावी. गज आणि खांब एका रेषेत आणावेत. आता कॅमेरा फिरवून हीच जोडी चित्राच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला आणावी. दोन्हीकडे गज खांबावरच राहिला तर बिंदू सापडला. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर गज खांबाच्या डावीकडे सरकला तर लेन्स फार पुढे आहे, ती मागे घ्यावी. उजवीकडे सरकला तर लेन्स पुढे न्यावी. दोन-चार वेळा केले की जागा नक्की होते. तेथे रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे पुन्हा शोधावे लागत नाही.

फिशआयच्या बाबतीत एक बारकावा आहे. या लेन्समध्ये स्थिरबिंदू पाहण्याच्या कोनाप्रमाणे थोडा पुढे-मागे होतो. म्हणून चाचणी जोडाच्या कोनावरच करावी. चार फोटो घेणार असाल तर मध्यापासून ४५ अंशांवर, सहा घेणार असाल तर ३० अंशांवर. बहुतेक फिशआयमध्ये हा बिंदू पुढच्या काचेच्या थोडा मागे सापडतो.

दांडी नसताना ओळंब्यावरही काम होते. लेन्सला स्थिरबिंदूच्या जागी दोरा बांधावा, खाली वजन सोडावे आणि ते फरशीवरील खुणेच्या अगदी वर, न टेकता, राहील असे धरून फिरावे. फ्रान्सचे फिलिप ह्युर्बें यांच्या नावावरून या रीतीला फिलोपॉड म्हणतात. उघड्या मैदानात ती उत्तम चालते.

प्रत्यक्ष काम

उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगर म्हणजे औरंगाबादच्या हिमरू विणकराचा कारखाना घेऊ. हिमरू हे सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे नक्षीदार कापड. हातमागावरचा माल आणि यंत्रावरची नक्कल यांतला फरक परगावच्या गिऱ्हाइकाला फोटोवरून कळत नाही. माग, ताणा, विणकर आणि तयार माल एकाच फेरीत दिसला तर त्याची खात्री पटते आणि विणकराला रास्त दाम मागता येतो.

१. आधी कॅमेरा न काढता जागा पाहावी. खोलीचा नेमका मध्य घेण्यापेक्षा, सर्वांत जवळच्या वस्तू जास्तीत जास्त दूर राहतील अशी जागा निवडावी. फरशीवर खडूने फुली मारावी.

२. जोड कोठे पडतील हे आधीच ठरवावे. चार फोटोंत चार जोड येतात. ते कोऱ्या भिंतीवर, दरवाजावर किंवा रिकाम्या जागेवर पडू द्यावेत. मागावरचे ताणलेले धागे, गजांची रांग, कपाटाच्या फळ्या, बांगड्या अशा बारीक समांतर रेषांवर जोड कधीही येऊ देऊ नये. अशा रेषांवर एका बिंदूची चूकही उघडी पडते. मुख्य वस्तू, येथे माग, एका फोटोच्या बरोबर मध्यभागी यावी.

३. कॅमेऱ्यातील सर्व स्वयंचलित व्यवस्था बंद करावी. छिद्र, वेग, आयएसओ, रंगाचे संतुलन आणि फोकस हे सर्व हाताने ठरवून चारही फोटोंना एकच ठेवावे. नाहीतर एक भिंत पिवळी आणि शेजारची निळी येते. ८ मिमी लेन्सवर एफ/८ छिद्र आणि सुमारे १ मीटरवर फोकस ठेवला तर ३० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत चित्र स्पष्ट येते. दांडीवर वेग १/६० सेकंद किंवा अधिक असावा.

४. खिडकीतून ऊन येत असेल तर खिडकी पूर्ण पांढरी पडणार नाही असा प्रकाश ठरवावा आणि फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत, म्हणजे अंधारा कोपरा नंतर उजळता येतो. खोली फारच अंधारी असेल तर ट्रायपॉडवर प्रत्येक दिशेचे कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे तीन फोटो घ्यावेत. दांडीवर हे करू नये, कारण तिन्ही फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

५. दांडीचे रबरी टोक फुलीवर टेकवावे. कॅमेरा ५ ते १० अंश वर झुकवलेला असावा. त्यामुळे, लेन्स उभ्या दिशेने पूर्ण १८० अंश पाहणारी असेल तर, छत चारही फोटोंत येते आणि छताचा वेगळा फोटो लागत नाही.

६. पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी आला की श्वास रोखून पहिला फोटो घ्यावा. मग स्वतः दांडीभोवती फिरून ९० अंशांवर यावे, बुडबुडा पाहावा आणि दुसरा फोटो घ्यावा. दांडी नुसती हातात फिरवून आपण जागीच उभे राहिलो तर आपलाच चेहरा चित्रात येतो. नेहमी कॅमेऱ्याच्या मागे राहावे, कोपरे अंगाशी ठेवावेत आणि पाय मागे घ्यावेत. फिशआय बुटाचे टोकही सोडत नाही.

७. माणसे असतील तर त्यांना एका फोटोच्या मध्यभागी बसवावे. जोडावर उभा असलेला माणूस अर्धा होतो किंवा दोनदा येतो. विणकराला हात क्षणभर थांबवण्यास सांगावे.

८. एक फेरी झाली की लगेच दुसरी घ्यावी. पहिल्या फेरीत काही बिघडले असेल तर दुसरीतील फोटो कामी येतो.

९. शेवटी फरशी. दांडी उचलून कॅमेरा फुलीच्या वर खाली तोंड करून धरावा आणि आपले पाय दूर ठेवून फोटो घ्यावा. फरशी सपाट असेल तर हा तुकडा संगणकावर व्यवस्थित बसतो. न बसल्यास तेथे दुकानाचे गोल नाव-चिन्ह लावतात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. उंचावरून फोटो घेण्यासाठी लांब दांडी वापरताना आधी वर पाहावे. विजेच्या तारांखाली धातूची दांडी उभी करणे जिवावर बेतू शकते. यंत्रमाग किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राजवळ काम असेल तर यंत्र बंद करूनच दांडी टेकवावी.

संगणकावरची जोडणी

जोडणीसाठी पीटीगुई हे विकतचे आणि ह्युगिन हे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. शिकण्यासाठी ह्युगिन पुरेसे आहे. फोटो भरल्यावर लेन्सचा प्रकार फिशआय निवडून मिमीचा आकडा द्यावा. सॉफ्टवेअर दोन फोटोंतील सारख्या खुणा स्वतः शोधते. त्या डोळ्यांखालून घालाव्यात. हलणाऱ्या माणसावरील, पंख्यावरील आणि फार जवळच्या वस्तूंवरील खुणा काढून टाकाव्यात, कारण त्या संपूर्ण हिशेब बिघडवतात. दूरच्या, स्थिर वस्तूंवरील खुणा ठेवाव्यात. दाराच्या चौकटी किंवा खांब यांवर उभ्या रेषांच्या खुणा दिल्या की कललेले चित्र सरळ होते.

चित्र दुप्पट रुंदीच्या मापात काढून प्रत्येक जोड पूर्ण आकारात तपासावा. वर्तुळात फिरवून पाहिल्याशिवाय चित्र गिऱ्हाइकाला देऊ नये. गूगल मॅप्सवर चढवायचे असेल तर चित्र किमान ७५ लाख बिंदूंचे असावे. ८,००० गुणिले ४,००० म्हणजे ३ कोटी २० लाख बिंदू होतात, तेव्हा ती अट सहज पूर्ण होते. स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवण्यासाठी पॅनेलम हे विनामूल्य साधन आहे.

धंद्याचा हिशेब

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१३ साली रिको कंपनीचा थीटा आला आणि तेव्हापासून एका बटणावर गोल फोटो काढणारे छोटे कॅमेरे मिळू लागले. भाड्याची खोली दाखवणे किंवा बांधकामाची रोजची नोंद ठेवणे एवढेच काम असेल तर तोच कॅमेरा घ्यावा, दांडी-फिशआयची मेहनत घेऊ नये. पण कापडाची वीण, लाकडावरची कोरीव नक्षी, भांड्यावरची कारागिरी जेथे मोठी करून पाहायची असते, तेथे मोठा कॅमेरा आणि चांगली लेन्स आजही सरस ठरते. आपण तेच विकावे. गिऱ्हाइकाला दोन्ही प्रकारचे नमुने मोठे करून दाखवावेत, निवड त्याच्यावर सोडावी.

दर ठरवताना फक्त फोटो काढण्याचा वेळ धरू नये. जागेवर एक तास जातो, तर संगणकावर दोन-तीन तास जातात. प्रवास, साधनांची झीज आणि एखादे काम पुन्हा करावे लागण्याची शक्यता धरूनच दर सांगावा. किती चित्रे, किती दिवसांत, कोणत्या मापाची आणि ती कोठे वापरायची, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

परवानगी आणि पथ्ये

साध्या फोटोत कॅमेऱ्यामागे उभे राहिलेला माणूस सुरक्षित असतो. गोल छायाचित्रात कॅमेऱ्यामागे असे काही नसतेच. म्हणून खोलीतील प्रत्येकाला आधी सांगावे आणि ज्याला नको असेल त्याला बाहेर जाण्यास वेळ द्यावा. घरातच कारखाना असेल तर घरच्या स्त्रिया, मुले आणि आतल्या खोल्यांचे उघडे दरवाजे यांचा विचार आधी करावा. भिंतीवरचे परवाने, बिलबुक, तिजोरी, गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहिलेला फळा या गोष्टीही झाकून घ्याव्यात. मशिदीत काम असेल तर विश्वस्तांची परवानगी घेऊन नमाजाच्या वेळा सोडून यावे आणि जाजम खराब होऊ नये म्हणून दांडीखाली कापडाची घडी ठेवावी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत, उदाहरणार्थ बीबी का मकबरा, स्टँड लावण्यास पूर्वपरवानगी लागते. एकपायी दांडीही स्टँडच समजली जाऊ शकते, तेव्हा विचारूनच जावे.

आणखी एक. या लेन्समुळे खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. घर किंवा गाळा विकण्यासाठी चित्र काढत असाल तर सोबत लांबी-रुंदी लिहावी. भिंतीवरची ओल किंवा मालातील दोष संगणकावर पुसून देण्याची मागणी आली तर नम्रपणे नकार द्यावा. चारही बाजू दाखवतो म्हणूनच या चित्रावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. तो एकदा गेला की चित्रकाराचा आणि दुकानदाराचा, दोघांचाही धंदा बसतो.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी पहिला महिना एकही पैसा न घेता सराव करावा. आधी मोकळ्या मैदानात, मग मोठ्या सभागृहात आणि शेवटी लहान दुकानात. प्रत्येक वेळी जवळची वस्तू किती अंतरावर होती आणि जोड किती बिंदूंनी चुकला हे वहीत लिहावे. वही भरेल तसा कोणत्या जागी दांडी पुरेल आणि कोणत्या जागी ट्रायपॉड काढावा, हे आत पाऊल टाकताच कळू लागेल.